मावशी स्लॅबखाली का झोपत नाही

माझी मावशी औसा तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावात राहते. भूकंपानंतर सरकारनं दिलेलं चारशे चौरस फुटांचं पक्कं घर आहे. घरात पंखा आहे, टीव्ही आहे, लेकानं घेऊन दिलेला फ्रीज आहे. मावशी मात्र रात्री घरासमोरच्या पत्र्याच्या शेडात, बाजेवर झोपते. पावसाची झड आत यायला लागली की बाज शेडाच्या मधोमध ओढते. थंडीत दोन गोधड्या आणि वर एक पोतं. तीस वर्षं झाली, स्लॅबखाली एक रात्र काढलेली नाही. कुणी फार आग्रह केला की तिचं उत्तर ठरलेलं असतं, "पत्रा पडला तर खोक पडंल. स्लॅब पडल्यावर काय राहतंय रे बाबा?"

हे वेड नाही, हिशेब आहे. आणि तो तिनं फार महाग शिकलाय. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून माणसं उशिरा आडवी झालेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आमच्याकडची जुनी घरं म्हणजे हातभर जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर लाकडावर पांढऱ्या मातीचे थर दिलेलं माळवद. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार, आणि दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून वर आणखी थोडी माती. पिढ्यान्‌पिढ्यांची ती माती त्या पहाटे खाली आली. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, या दोन जिल्ह्यांतली बावन्न गावं पार आडवी झाली, जवळपास दहा हजार माणसं गेली. मावशीची चार वर्षांची लेक त्यात गेली. नऊ वर्षांचा लेक, माझा मावसभाऊ, दुपारी बाराच्या सुमाराला जिवंत निघाला.

हा मावसभाऊ आता पुण्यात नोकरी करतो. तीन-चार वर्षांपूर्वी त्याच्या इमारतीशेजारी रस्त्याचं खोदकाम सुरू झालं. रात्री यंत्रं चालायची आणि खिडकीच्या काचा बारीक थरथरायच्या. एका रात्री हा मुलीला उचलून चार मजले अनवाणी उतरला. खाली आल्यावर त्याला कळेना आपण का उतरलो. मग असं तीनदा झालं. हृदयाची पट्टी काढली, ती नीट निघाली. पित्ताच्या गोळ्या झाल्या. शेवटी ऑफिसातल्या कुणीतरी एका सायकॉलॉजिस्टबाईंकडे पाठवलं आणि तिथं त्याच्यावर जो उपचार झाला त्याचं नाव ईएमडीआर. मराठीत भाषांतर करायला गेलं की 'डोळ्यांच्या हालचालींद्वारे विसंवेदनीकरण व पुनर्प्रक्रिया' असं काहीतरी होतं आणि रोगी उपचाराआधीच पळून जातो. आपण ईएमडीआरच म्हणू.

त्यानं मला सांगितलं ते असं. पहिल्या दोन बैठकांत नुसत्या गप्पा. घर, शाळा, झोप, दारू पितोस का, कुणाचा आधार आहे. मग मनातल्या मनात निवांत होता येईल अशी एक जागा शोधायची. त्यानं गावच्या ओढ्याकाठची चिंच निवडली. मग त्या पहाटेचं एकच चित्र पकडायचं, सगळ्यात जास्त बोचणारं. त्या चित्रासोबत स्वतःबद्दल मनात येणारं वाक्य शोधायचं. त्याचं वाक्य होतं, 'मी हात सोडला.' बहिणीचा हात. शून्य ते दहा या मापात किती त्रास होतो ते सांगायचं. तो म्हणाला, दहा. मग बाईंनी दोन बोटं त्याच्या चेहऱ्यासमोर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलवायला सुरुवात केली. मान स्थिर, नजर बोटांवर, मनात ते चित्र. अर्धा मिनिट झालं की थांबायचं, एक श्वास, 'आता काय येतंय?' जे येईल ते एका-दोन शब्दांत सांगायचं, आणि पुन्हा बोटं. दीड तासाची एक, अशा नऊ बैठका. सहाव्या बैठकीच्या सुमाराला त्याला पहिल्यांदा आठवलं की आपण हात सोडला नव्हता, तुळईनं तो सोडवला होता.

हे मावशीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बोट हलवून कुठं दुखणं जातंय व्हय? आपला देवऋषी निदान लिंबू तरी उतरून टाकतोय. हिनं तर रिकाम्या हातानं पैसे घेतले."

मी पोट धरून हसलो. मग लक्षात आलं की मावशीनं अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय. याच प्रश्नावर जगभरातले मानसशास्त्रज्ञ पस्तीस वर्षं भांडतायत.

या उपचाराची जन्मकथाच संशय यावा अशी आहे. १९८७ साली कॅलिफोर्नियात फ्रान्सिन शपिरो नावाची बाई बागेत फिरत होती. मनात त्रासदायक विचार चालले होते. तिच्या लक्षात आलं की आपले डोळे आपोआप इकडून तिकडे होतायत आणि विचारांचा डंख कमी होतोय. न्यूटनच्या सफरचंदासारखी गोष्ट. तिनं हे आधी ओळखीच्यांवर करून पाहिलं, मग २२ जणांवर, ज्यात व्हिएतनाममधून आलेले सैनिक होते, लैंगिक अत्याचार सोसलेली माणसं होती, आणि १९८९ मध्ये ते छापलं. एका बैठकीत एवढा फरक, हा दावा ऐकून अनेकांनी नाक मुरडलं. पुढं प्रशिक्षणाचे वर्ग निघाले, पातळ्या निघाल्या, प्रमाणपत्रं निघाली. नाक मुरडणाऱ्यांना आणखी निमित्त मिळालं. १९९९ मध्ये रिचर्ड मॅकनॅली या हार्वर्डच्या मानसशास्त्रज्ञानं तर याची तुलना थेट मेस्मरशी केली. अठराव्या शतकात मेस्मर लोहचुंबकानं माणसं बरी करायचा. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजानं बेंजामिन फ्रँकलिन, लाव्हाझिए अशा शास्त्रज्ञ मंडळींची समिती नेमली, तिनं तपासून सांगितलं की परिणाम खरा असला तरी चुंबकत्व खोटं, काम करते ती कल्पनाशक्ती. मॅकनॅलींचं म्हणणं थोडक्यात असं की या नव्या उपचारात जे गुणकारी आहे ते नवं नाही, आणि जे नवं आहे ते गुणकारी नाही. भीतीदायक आठवणीला सुरक्षित जागी पुन्हापुन्हा सामोरं जाणं, हे जुनंच औषध. बोटं म्हणजे वरचा वर्ख.

मग हे खरं की खोटं? २००१ मध्ये तोवरच्या अभ्यासांची एकत्र बेरीज झाली, तीत उपचार उपयोगी निघाला, डोळ्यांची भर मात्र दिसली नाही. २०१३ मध्ये दुसऱ्यांनी पुन्हा बेरीज केली, तीत डोळ्यांची भर दिसली. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत याचं जे स्पष्टीकरण उभं केलं ते मला सगळ्यात पटतं. एका वेळी मनाच्या ओट्यावर मावेल एवढी जागा थोडीच असते. त्या ओट्यावर भयानक आठवण मांडली आणि त्याच वेळी बोटाचा पाठलागही करायचा म्हटलं, तर दोघांना जागा पुरत नाही. आठवण दाटीवाटीत थोडी फिकी होते, आणि फिकी झालेलीच परत कोठारात जाते. कानात आळीपाळीनं टिकटिक वाजवण्यापेक्षा डोळे हलवणं जास्त परिणाम करतं असंही त्यांना दिसलं. मनातल्या मनात उलटी गणितं घातली तरी काहीसा तसाच परिणाम होतो. म्हणजे बोटांत जादू नाही, पण ती अगदीच शोभेचीही नाहीत.

इथं एक मोह आवरला पाहिजे. 'हात जात्यावर, मन दुःखात आणि तोंडात ओवी, म्हणजे आमच्या आज्यांचा ईएमडीआरच की!' असा मजकूर आज ना उद्या तुमच्या कौटुंबिक ग्रुपवर येणार. छान वाटतं वाचायला. जात्यावर बायकांनी काय काय दळलं हे मला ठाऊक आहे, माझी आजी दळायची. पण दळून तिचं दुःख कमी झालं का, हे कुणी मोजलेलं नाही, आणि ती काही फार सुखात मेली नाही. आपल्याकडे होतंच सगळं म्हणायचं आणि सरकारी दवाखान्यात मानसशास्त्रज्ञ नसला तरी चालतंय म्हणायचं, या दोन वाक्यांत अंतर फार कमी आहे.

देवऋषीचा प्रश्न तरी उरतोच. डोळ्यांसमोर बोटं फिरवणारी बाई आणि लिंबू फिरवणारा बाबा यांत फरक काय? ज्या राज्यानं २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला आणि त्यासाठी दाभोलकरांसारखा माणूस गमावला, त्या राज्यात हा प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. फरक एवढाच की देवऋषीनं आपलं लिंबू कधी चाचणीला दिलं नाही. ईएमडीआर मात्र शत्रूंनी उलटसुलट तपासला, बोटं काढून तपासला, बोटांच्या जागी दुसरं काही घालून तपासला, आणि उपचार म्हणून तो प्रत्येक वेळी शिल्लक राहिला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये आघातानंतरच्या तणाव-विकारासाठी जे दोन मानसोपचार पुढं केले, त्यांत एक आघातावर केंद्रित सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारा उपचार, आणि दुसरा हाच. का चालतं यावर वाद आहे, चालतं यावर आता फारसा उरलेला नाही. विलोच्या सालीचा काढा माणसं शतकानुशतकं पीत होती, त्या कुळातली ॲस्पिरिन नेमकी कशी काम करते हे १९७१ साली कळलं. तोवर डोकेदुखीवाल्यांना थांबवून ठेवलं नव्हतं.

पण हा उपचार मराठवाड्यात आणायला हवा असं मला वाटतं त्याचं कारण बोटं नाहीत, प्रयोगशाळाही नाही. कारण आहे पंचनामा.

आमच्या भागात माणसावर काही कोसळलं की पहिल्यांदा तलाठी येतो. मग मंडळ अधिकारी, पोलीस पाटील, पोलीस, मग पुढारी, मग कॅमेरेवाले. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगावं लागतं. किती वाजले होते? दार आतून बंद होतं का? कर्ज सोसायटीचं की सावकाराचं? सातबारा कुणाच्या नावावर? शेतकऱ्यानं जीव दिला तर घराला मिळणारी मदत एक लाख रुपये, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेव म्हणून बँकेत. त्यासाठी प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत वर्षाला हजाराच्या आसपास अशी प्रकरणं होतात. म्हणजे शेकडो बायका आपल्या आयुष्यातली सगळ्यात वाईट सकाळ पाच-सहा वेळा, अनोळखी पुरुषांसमोर, तपशिलासकट सांगतात, आणि समोरचा ती लिहून घेतो तो पात्र की अपात्र हे ठरवायला. सांगितल्यानं मन हलकं होतं म्हणतात. ज्यानं कुणी हे म्हटलं त्यानं तहसील कार्यालयाच्या व्हरांड्यात बसून सांगून बघावं.

आणि इथंच या उपचाराचा एक गुण आमच्या कामाचा आहे, ज्याची चर्चा मोठ्या शहरांत फारशी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनंही तो वेगळा नोंदवलाय. ईएमडीआरमध्ये घटनेचं सविस्तर वर्णन करावं लागत नाही, घरी जाऊन करायचा अभ्यास नसतो. चित्र मनात धरायचं, तोंडानं 'भीती', 'छातीत', 'आता लांब गेलं' एवढंच म्हटलं तरी चालतं. पुण्या-मुंबईत ही एक सोय झाली. पण ज्या गावात दवाखान्यातला शिपाई दिराच्या ओळखीचा असतो, जिथं बाई तालुक्याला गेली हेच संध्याकाळपर्यंत पारावर कळतं, तिथं न सांगता बरं होता येणं ही सोय नाही, अटच आहे. मुकादमानं फडावर काय केलं हे ऊसतोडीला गेलेली बाई कुणाला सांगणार? पुढच्या वर्षीची उचल त्याच्याकडूनच घ्यायची असते.

आता उलट बाजूचा सगळ्यात जड मुद्दा, आणि तो मी मनापासून जड मानतो. आमच्या एका कार्यकर्त्या मित्राचं म्हणणं, "सर, कर्ज डोळे फिरवून फिटतं का? भाव नाही, विमा नाही, वसुलीवाले दारात, आणि तुम्ही बाईला म्हणणार आठवणीवर काम करा. हे दुखण्याचं खापर दुखणाऱ्यावरच फोडणं झालं." खरं आहे. हा उपचार होऊन गेलेल्या गोष्टीसाठी आहे. जी गोष्ट अजून चालूच आहे तिच्यासाठी नाही. नवरा आजही मारत असेल, फायनान्सवाला आठवड्याला येऊन ओट्यावर बसत असेल, तर तिथं भीती हे दुखणं नव्हे, शुद्धीवर असल्याचं लक्षण आहे. अशा बाईची भीती कमी करायला निघालेला थेरपिस्ट तिचं नुकसानच करील. हमीभावाच्या मागणीला थेरपी हा पर्याय म्हणून जो कुणी पुढं करील, मग तो मंत्री असो की सामाजिक संस्था, त्याला हाकलून लावलं पाहिजे.

पण मी शाळेत शिकवतो, आणि माझ्यासमोर आठवीतला एक पोरगा बसतो. त्याचे वडील तीन वर्षांपूर्वी गेले. पहिल्यांदा पाहिलं ते यानंच, गोठ्यात. जुलै-ऑगस्टात शिवारात सोयाबीनवर फवारणी सुरू झाली की वाऱ्यानं तो वास वर्गात येतो. पोरगा उठून बाहेर जातो आणि ओकतो. पहिल्या वर्षी आम्ही म्हटलं पित्त. दुसऱ्या वर्षी त्याच्या चुलत्यानं 'बाहेरचं' दाखवलं, दंडाला काळा दोरा आला. तिसऱ्या वर्षी तो फवारणीच्या दिवसांत शाळेतच येईना, आणि हजेरीपटावर त्याचं नाव 'अनियमित' झालं. उद्या सोयाबीनला दहा हजार भाव मिळाला, सगळ्यांचं कर्ज माफ झालं, तरी या पोराला तो वास येणारच आहे. मित्राला मी एवढंच म्हटलं, भावासाठी मोर्चा काढू तेव्हा मी येईन, पण तोवर या पोराला फवारणीचे दोन महिने कुठं ठेवू ते सांग. तो गप्प बसला. मीही काही जिंकलो असं मला वाटलं नाही.

सरकारी बाजूनं काहीच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठीचा प्रेरणा प्रकल्प २०१५ पासून आहे, आशाताई घरोघर जाऊन प्रश्नावल्या भरतात. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे, रात्री-अपरात्री मराठीतून बोलता येतं, आणि निकराच्या क्षणी तो फोन लावलाच पाहिजे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं एक पथक प्रत्येक जिल्ह्यात असतं. मानसोपचारतज्ज्ञ, सायकॉलॉजिस्ट, समाजसेवक, नर्स. सगळी पदं भरलेली असली तर. २०१७ च्या कायद्यानं मानसिक उपचार हा हक्क झाला. पण लातूर जिल्ह्यात दहा तालुके आणि २०११ च्या जनगणनेत साडेचोवीस लाख माणसं. एका पथकानं कुठं कुठं पुरायचं? राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही आलं नाही, जालन्याला मंजुरी मिळाली ती अलीकडे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाला बारा राज्यं निवडली, त्यांत महाराष्ट्रच नव्हता, मराठवाडा तर दूरच.

मग रोजच्या ओपीडीत होतं काय? केसपेपर निघतो, बाई दोन वाक्यं बोलते, डॉक्टरच्या टेबलापुढं चाळीस माणसं उभी असतात, आणि झोपेची गोळी लिहिली जाते. डॉक्टरला शिव्या घालण्यात अर्थ नाही, त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच २०१३ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट आहे की आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात ताण किंवा झोपेसाठी बेन्झोडायझेपिन गटातल्या गोळ्या देऊ नयेत. आमच्याकडे मयताच्या घरी तिसऱ्या दिवशी बायकांच्या उशाशी याच गोळ्यांची पाकिटं असतात, आणि कुठं कुठं वर्षश्राद्धालाही असतात.

माझं मागणं मोठं नाही. हिशेब माझा आहे, चूकभूल द्यावी घ्यावी. दीड तासाच्या आठ बैठका म्हणजे एका माणसामागं बारा तास. एका सायकॉलॉजिस्टनं दिवसाला चार बैठका घेतल्या आणि वर्षाचे सव्वादोनशे दिवस काम केलं तर नऊशे बैठका, म्हणजे शंभर-सव्वाशे माणसं. दोन तालुक्यांत मिळून एक असा माणूस द्या. त्याला पगार वेळेवर द्या, अकरा महिन्यांच्या करारावर लटकवू नका, कारण चौथ्या बैठकीला माणूस बदलला तर पहिल्या तीन वाया गेल्या. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, 'कौन्सिलर' अशी पाटी लावताना मात्र कुणी काही विचारत नाही. म्हणून शनिवार-रविवारी शिबिर करून आलेल्याच्या हाती आघाताची आठवण देऊ नका. झाकण उघडायला दोन मिनिटं लागतात, ते परत नीट बसवायला शिकलेला माणूस लागतो. मावसभावाच्या बाईंनी पहिल्या बैठका गप्पांत आणि चिंचेखाली घालवल्या त्या उगाच नाही. आशाताईंच्या गळ्यात हे आणखी एक लोढणं बांधू नका. त्यांनी फक्त ओळखावं आणि पाठवावं. आणि जो येईल त्याला एसटीचं भाडं द्या. हे शेवटचं वाचून लोक हसतील, पण आठ खेपांचं भाडं आणि आठ दिवसांची बुडालेली मजुरी हे आमच्याकडे उपचार सोडण्याचं पहिलं कारण असणार आहे.

शाळांसाठी एक गोष्ट याहून स्वस्त आहे. १९९७ मध्ये मेक्सिकोतल्या आकापुल्कोला वादळानं झोडपलं. मुलं शेकड्यांनी, थेरपिस्ट बोटांवर मोजण्याइतके. तेव्हा तिथल्या लुसिना आर्तिगास यांनी मुलांना दोन्ही हात छातीवर आडवे ठेवून, फुलपाखराच्या पंखांसारखे, आळीपाळीनं हलके थोपटायला शिकवलं. मुलांनी जे दिसलं त्याचं चित्र काढायचं, थोपटायचं, पुन्हा चित्र काढायचं. एका वर्गात तीस-चाळीस मुलं एकाच वेळी बसू शकतात. याचे अभ्यास लहान आहेत, त्यामुळं फार गाजावाजा करू नये. पण २०२५ च्या सप्टेंबरात सीना, मांजरा, गोदावरीच्या पुरानं आमच्या पोरांची दप्तरं, जनावरं, घरं नेली तेव्हा शाळेत आम्ही काय केलं? वह्या वाटल्या आणि फोटो काढले. त्याऐवजी एक प्रशिक्षित माणूस आणि रंगखडूंचे चार डबे आले असते तर निदान कळलं तरी असतं की कुणाच्या चित्रात पाणी अजून ओसरलेलं नाही.

किल्लारीला तेव्हा डॉक्टर आले नव्हते असं नाही. दिल्लीच्या मानसोपचारतज्ज्ञांनी भूकंपानंतर महिन्याभरानं एका गावातली माणसं तपासली आणि निम्म्याहून अधिकांत निदान करण्याजोगा मानसिक आजार सापडल्याचं १९९६ मध्ये अमेरिकेतल्या नियतकालिकात छापलं. अभ्यास चांगला होता. त्या निम्म्याहून अधिकांचं पुढं काय झालं, हे मात्र ज्याचं त्याला ठाऊक. घरांचं झालं. भूमिहीनाला अडीचशे चौरस फूट, मग चारशे, मोठ्या शेतकऱ्याला साडेसातशे. जमीन मोजून घर दिलं, आणि ते दिलं हे खरंच मोठं काम होतं, देशात दाखला देतात त्याचा. त्या घरांत माणसं झोपतात का, हे मोजायचा रकाना नमुन्यात नव्हता. आजही हिंगोलीकडं पांगरा शिंदेच्या बाजूला जमीन गुरगुरली आणि मोबाइलवर बातमी आली की आमच्या पट्ट्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या बायका अंगणात येऊन बसतात, तिथून दीडशे किलोमीटरवर.

संक्रांतीला मावसभाऊ गावी आला होता. मावशी शेडात बसून तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत होती. तो तिला म्हणाला, "आई, एकदा चल माझ्यासंगं. त्या बाईंकडं."

"समदं सांगावं लागतंय का?" मावशीनं विचारलं.

"न्हाई. नुसतं मनात आणायचं."

"तुझ्या बहिणीचं?"

"व्हय."

मावशी बराच वेळ काही बोलली नाही. सोललेले दाणे परातीत पडत होते. मग म्हणाली, "किती खेपा?"

"आठ-दहा."

"पुण्याला आठ-दहा खेपा? म्हस कोन बघंल? लातूरला न्हाई का कुनी?"

"इचारलं मी. अजून कुनी सापडलं न्हाई."

"उमरग्याला?"

"न्हाई."

तिनं टरफलं घमेल्यात भरली आणि म्हशीपुढं टाकायला उठली. जाता जाता म्हणाली, "लातूरला कुनी आलं तर सांग मग."